स्तामात ढोलवाल्याचे पाय

स्तामात आधी ऐकू येतो, मग दिसतो. आमच्या ख्रास्तोवो गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणाचा मुलगा जर्मनीहून सुट्टीवर आलेला असो, चर्चमागच्या वळणावरून ढोलाचा ठोका येतो आणि पाठोपाठ ढोल, पोट आणि मिशा या क्रमानं स्तामात येतो. नोकरी त्याची जंगलखात्यात. उभी हयात स्त्रांजाच्या डोंगरात ओक तोडण्यात गेली आणि पेन्शन सुरू झाल्यावर त्याच ओकांखाली त्यानं मधमाश्यांच्या पेट्या मांडल्या. आपण तोडलेल्या झाडांचे भाऊबंद आता आपल्याला मध देतात, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या अभिमानानं सांगतो. झाडांना त्याबद्दल काय वाटतं हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

या माणसाला जन्मभर एकच गोष्ट हवी होती आणि तीच मिळत नव्हती. आमच्या गावाचा सण जूनच्या सुरुवातीला, संत कोस्तादिन आणि संत एलेना यांचा. दिवसभर संतांच्या तसबिरी मिरवत झऱ्यावर न्यायच्या, मेंढ्याचं कालवण सगळ्या गावानं एका पंगतीला बसून खायचं आणि दिवस मावळला की चौकात निखारे पसरायचे. मग संत ज्याला धरतो तो अनवाणी निखाऱ्यांवर उतरतो, तसबीर छातीशी घेऊन नाचतो आणि पाय न भाजता पलीकडे निघतो. कुणाला धरायचं ते संत ठरवतो. स्तामातच्या आईला त्यानं धरलं होतं, थोरल्या बहिणीलाही धरलं होतं. स्तामातला मात्र त्यानं ढोलामागे उभं केलं आणि तो तिथे आहे हे जणू विसरूनच गेला. विशीत गळ्यात आलेला ढोल साठी उलटली तरी उतरला नाही. दर वर्षी दुसऱ्यांना निखाऱ्यांवर नाचवायचं आणि घरी येऊन मोजे काढून आपले गोरेगोमटे तळवे बघत बसायचं, असा त्याचा सण.

अशात एका फेब्रुवारीत, द्राक्षवेली छाटायच्या दिवसांत, स्तामातनं शेगडीत लाकूड घातलं आणि खुर्चीत बसून तो रेडिओ ऐकू लागला. त्याची बायको केराना पलीकडच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. थोड्या वेळानं ती नाक फेंदारून दारात आली.

"काय जळतंय? मेंढीचं कातडं शेगडीला टेकलंय का?"

"मला नाही काही वास येत."

"अरे ए माणसा, तुझा पाय जळतोय!"

शेगडीतून उडालेला निखारा त्याच्या लोकरीच्या मोज्यात शिरला होता. मोज्याला बदामाएवढं भोक पडलं होतं, धूर निघत होता आणि आत कातडीवर टम्म फोड आला होता. केरानानं पाण्याचं भांडं उपडं केलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. स्तामात मात्र पायाकडे बघतच राहिला. त्याला काहीच झालं नव्हतं. चटका नाही, कळ नाही, हूं की चूं नाही.

"केराना," तो अगदी हळू म्हणाला, "मला धरलं."

"कुणी?"

"त्यानं. संतानं. अगं, निखारा होता तो! आणि मला कळलासुद्धा नाही!"

"संतानं धरलं असतं तर मोजासुद्धा जळला नसता," केराना म्हणाली. "महिनाभर विणत होते मी तो."

पण स्तामातचं ठरलं होतं. आता मागच्या एकेका गोष्टीचा त्याला उलगडा होऊ लागला. गेली दोन वर्षं अंथरुणावर पडलं की त्याचे पाय पेटायचे, तळव्यांवर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं व्हायचं, पांघरुणाचा भार सोसायचा नाही. दिवसा तेच पाय लाकडासारखे. मग हे काय होतं? संतच बोलावत होता आणि आपण मूर्खासारखे पाय थंड पाण्यात बुडवून त्याला गप्प करत होतो! स्तामातला भरून आलं. त्या दिवशी तो इतका आनंदात होता की एक चमचा मध त्यानं ओल्या पावावर घातला आणि दोन चमचे नुसतेच खाल्ले.

या मधाचंही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्याला रक्तात साखर आहे असं सांगून गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या तो आठवेल तेव्हा घ्यायचा, आणि त्याला आठवायचं ते पोट बिघडलं की. मधाबद्दल बाईंनी विचारलं तेव्हा तो हसला होता. स्त्रांजाचा काळा मध फुलांचा नसतो, ओकाच्या पानांवरचा चिकट रस माश्या गोळा करतात त्याचा असतो. "ही साखर नाही बाई, हे जंगल आहे," असं त्यानं त्यांना ठणकावून सांगितलं होतं आणि घरी येऊन जंगल पूर्वीइतकंच खात राहिला होता.

स्तामातच्या तोंडात तीळ भिजत नाही. रविवारपर्यंत दुकानासमोरच्या बाकावर सगळ्यांना कळलं होतं की या वर्षी स्तामात निखाऱ्यांवर उतरणार. यानाकी तर हसून हसून खोकलाच. यानाकी म्हणजे त्याचा शेजारी आणि जन्माचा जोडीदार, गायदा वाजवणारा. बोकडाच्या कातड्याची फुगवलेली पिशवी काखेत दाबून तो सूर धरतो आणि स्तामात ठोका. दोघांपैकी एकाला बोलावलं की दुसरा आपोआप येतो, आणि जेवायला तर दोघंही न बोलावता येतात.

"तुला धरलं?" यानाकी म्हणाला. "अरे, तुला धरायला संताला दोन्ही हात पसरावे लागतील. आणि उतरलास तर निखारे विझतील ना बाबा! मग बाकीच्यांनी काय राखेत नाचायचं?"

"हस, हस. जळतोयस तू."

"जळणार तर तू आहेस. मी वाजवणार आहे."

बाक हसला, स्तामातही हसला, पण त्यानं माघार घेतली नाही. उलट तयारी सुरू केली. मार्चच्या गारठ्यात तो अनवाणी ओढ्याकाठच्या गोट्यांवरून चालायचा, पेट्यांमध्ये हिंडायचा. बुर्गासच्या चुलतभावाला फोन करून त्यानं सांगितलं, सगळ्यांना घेऊन ये, कॅमेरा आण. केरानानं आधी रागावून पाहिलं, मग रडून पाहिलं, मग दोन दिवस अबोला धरून पाहिला. अबोला तिलाच झेपला नाही. शेवटी ती तडक कोम्ना आजीकडे गेली.

कोम्ना आजी म्हणजे गावातल्या निखाऱ्यांवर नाचणाऱ्यांची म्होरकी. वय ऐंशीच्या आसपास, अंगानं चिमणीएवढी. तसबिरींच्या खोलीची किल्ली तिच्याकडे, आणि सणाच्या दिवशी निखाऱ्यांवर पहिलं पाऊल तिचं. ती सांगेल ते स्तामातनं कधी मोडलं नव्हतं. तिनं बोलावलंय म्हटल्यावर तो स्वच्छ शर्ट घालून, मिशांना तेल लावून गेला. मनात त्याला वाटत होतं की आजी आता आशीर्वाद देणार आणि तसबीर हाती ठेवणार.

आजीनं त्याला स्टुलावर बसवलं.

"सांग. काय होतं तुला?"

"काहीच होत नाही आजी, तेच तर! निखारा पायावर पडला तरी कळत नाही."

"काहीच कळत नाही?"

"अजिबात नाही. तुला जसं होतं तस्संच."

"मला?" आजी उखडली. "तुला कोण म्हणालं मला कळत नाही म्हणून? अरे येड्या, मला सगळं कळतं! गरम असतं ते, चांगलं गरम. एकेक निखारा पायाखाली लागतो. फक्त त्याची भीती वाटत नाही. संत भीती घेऊन जातो, पाय नाही घेऊन जात. पाय घेऊन गेला तर नाचू कशावर?"

आजी उठली, विहिरीवरून नुकतीच आणलेली बादली तिनं ओढत आणली आणि त्याला डोळे मिटून पाय आत घालायला लावला.

"काय आहे?"

"पाणी," स्तामात म्हणाला. आवाजावरून त्यानं ओळखलं होतं.

"कसं आहे?"

स्तामात विचारात पडला. पाणी कसं आहे हे त्यानं पायाला विचारून पाहिलं, पण पाय काही सांगेना. "कोमट?" त्यानं अंदाज केला.

"डोळे उघड आणि हात घाल."

हात घातला तशी त्याची बोटं आखडली. बर्फासारखं पाणी होतं.

"आता ऐक," आजी म्हणाली. "आमचा संत विस्तवाचं बघतो. थंडीचं तो बघत नाही. हे त्याचं काम नव्हे, हे कुठलं तरी दुखणं आहे. शुक्रवारी डॉक्टरीणबाई येतात. जाऊन ये. गेला नाहीस तर सणाला ढोलसुद्धा देणार नाही हातात, आधीच सांगून ठेवते."

शुक्रवारी केराना त्याला घेऊन, खरं म्हणजे ओढून, पंचायतीच्या इमारतीतल्या तपासणीच्या खोलीत गेली. डॉक्टर नेवेना कराइवानोवा आठवड्यातून दोनदा आपल्या जुन्या गाडीतून डोंगर चढून येतात. बाई बारीक, चष्मेवाल्या आणि शांत, पण त्यांच्याशी खोटं बोलायला धीर होत नाही. त्यांनी बोटाला सुई टोचून साखर बघितली, ओठ आवळले आणि बूट काढायला सांगितले.

"डोळे मिटा, स्तामातकाका. मी पायाला स्पर्श करीन. कळलं की 'हो' म्हणायचं."

बाईंच्या हातात मासे धरायच्या दोरीसारखा नायलॉनचा ताठ तुकडा होता. स्तामातनं डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

"हो," तो म्हणाला. मग पुन्हा, "हो." आणि आणखी एकदा, जरा जोरात, "हो!"

"अरे, बाईंचे हात टेबलावर आहेत!" केराना ओरडली. "कुणाला हो म्हणतोयस?"

स्तामात ओशाळला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेटीतून लोखंडाचा दोन टोकांचा एक चिमटा काढला, तळहातावर आपटला आणि त्याचा दांडा स्तामातच्या गुडघ्यावर टेकवला. गुडघ्यात गुणगुण उतरली. स्तामात खूश झाला. हे त्याच्या धंद्यातलं होतं.

"सूर आहे याला," तो म्हणाला. "हलतोय चांगला."

"आता?" बाईंनी दांडा त्याच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवला.

"आता थांबलाय."

"नीट बघा."

"थांबलाय म्हणतो ना."

"डोळे उघडा आणि नुसतं ऐका."

स्तामातनं कान दिला. चिमटा गात होता. स्वच्छ, एकसुरी, जरासुद्धा न चुकता गात होता. ढोल वाजवणाऱ्या माणसाचा कान तो, तो फसणार नव्हता. त्याला सूर ऐकू येत होता, दांडा त्याच्याच अंगठ्यावर टेकलेला दिसत होता, आणि अंगठा मात्र मुकाट. इतके दिवस निखाऱ्यांचं कौतुक करणारा हा माणूस आता मनापासून घाबरला. आपलाच पाय आपल्याशी बोलायचा बंद झालाय, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"संत नाही ना हा?" त्यानं विचारलं.

"नाही काका. साखर आहे. वर्षानुवर्षं चढी राहिली की ती नसा खराब करते. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून आधी त्याच जातात. पाय बधिर होतो. आणि रात्री आग होते ना? ती खराब झालेल्या नसांचीच ओरड. बाहेर काही नसतं, पण ती ओरडते."

"माझ्या मधानं?"

"जंगलानं," बाई म्हणाल्या, आणि या खेपेला त्या जराशा हसल्या.

मग त्यांनी दोन्ही तळवे उजेडात धरून पाहिले आणि डाव्या टाचेपाशी थांबल्या. तिथे वाटाण्याएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, मधून ओलसर. बाईंनी स्तामातचा बूट उचलून उलटा केला, आत हात घातला आणि बोट दचकून मागे घेतलं. तळातून एक बारीक खिळा वर आला होता, माश्यांच्या पेटीच्या चौकटीला ठोकतात तसा. त्या खिळ्यावर उभं राहून स्तामात किती हिंडला होता ते देवच जाणे.

"या खिळ्यापायी तुमचा पाय जाऊ शकला असता," बाई म्हणाल्या. "हाडापर्यंत पोचलं की मग कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही. निखाऱ्यांवर उतरला असतात तर पहिल्या फेरीतच तळवे भाजले असते आणि तुम्ही हसत नाचत राहिला असतात."

घरी जाताना वाटेवर थांबून केरानानं त्याच्या छातीवर एक बुक्की मारली आणि मग त्याच जागी डोकं टेकवून रडली.

पुढचे दोन-अडीच महिने स्तामातच्या घरी केरानाचं राज्य होतं. बुर्गासला नेऊन हाडाचा फोटो काढला, हाड शाबूत निघालं. तिथल्या डॉक्टरांनी जखम तासून साफ केली आणि टाचेवर भार पडू नये म्हणून एक अवजड बूट दिला. तो घालून स्तामात अस्वलासारखा डुलत चालायचा. गोळ्या बदलल्या. रोज झोपण्याआधी इन्शुलिन आलं. आयुष्यभर माश्यांचे डंख अंगावर घेऊन हसणारा हा गडी त्या केसाएवढ्या सुईला भ्यायचा आणि डोळे मिटून संत एलेनाला हाक मारायचा. पायांची आग कमी व्हावी म्हणून वेगळं औषध होतं. त्यानं पहिले काही दिवस गुंगी आली, पण मग एका सकाळी तो उठला आणि पांघरूण पायांवर तसंच आहे हे बघून त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं केरानाला हाका मारून जागं केलं.

"नसा परत येतील का?" त्यानं बाईंना विचारलं होतं.

"गेल्या त्या येतीलच असं मी वचन देत नाही. राहिल्यात त्या वाचवू. मात्र मध बंद, अनवाणी चालणं बंद, शेगडीपाशी पाय शेकणं बंद. आणि रोज तळवे बघायचे. पाय काही सांगणार नाही, म्हणून डोळ्यांनी विचारायचं."

तळवे बघायचं काम केरानानं स्वतःकडे घेतलं. सकाळी कॉफी झाली की ती चष्मा लावायची, स्तामातचे पाय मांडीवर घ्यायची आणि वर्तमानपत्र वाचावं तशी एकेक बोट उलगडून वाचायची. "आज बातमी नाही," असं म्हटल्यावरच मोजे मिळायचे. मोजेसुद्धा पांढरे, रक्ताचा ठिपका आला तर दिसावा म्हणून. मे महिन्याच्या शेवटाला जखम भरून आली. बुर्गासहून नवे बूट आले, मऊ, रुंद, बिनशिवणीचे आणि दिसायला दोन पावांसारखे.

सगळं नीट चाललं होतं, एक गोष्ट सोडून. स्तामातनं गावात कुणाला काही सांगितलं नव्हतं. टाचेचं काय झालं असं विचारलं की मुरगळलीय म्हणायचा. निखाऱ्यांचं विचारलं की मिशांवरून हात फिरवून "बघू, संताची इच्छा" म्हणायचा.

"सांगून टाक ना," केराना म्हणायची. "साखरच आहे, चोरी नाही केलीस."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो गं."

आणि केरानाला एका भीतीनं घेरलं. याचं अजून ठरलेलं नाही, असं तिला वाटू लागलं. खरं सांगायचं तर स्तामातचंही अजून ठरलेलं नव्हतं.

सणाच्या दिवशी चुलतभाऊ दोन गाड्या भरून आला. झऱ्यावर जाऊन आले, मेंढ्याचं कालवण झालं, आणि अंधार पडताच माणसांनी चौकात लांब दांड्यांच्या दाताळ्यांनी निखारे पसरले. गोल, लाल, जमिनीवर श्वास घेणारे निखारे. स्तामातनं ढोल गळ्यात घातला, यानाकीनं पिशवी फुगवली, आणि दोघांनी तो जुना ठेका धरला. आधी संथ, मग थोडा जलद, मग आणखी जलद. नाचणाऱ्यांनी आगीभोवती फेर धरला. कोम्ना आजीचा चेहरा पांढरा झाला, तिच्या तोंडून लांब हुंकार निघाला आणि ती तसबीर छातीशी धरून सरळ लालभडक निखाऱ्यांवर गेली. पावलं भराभर पडत होती, ठिणग्या उडत होत्या.

आजी बाहेर आली तशी लोक ओरडू लागले. "स्तामात! आता तू!" चुलतभावानं कॅमेरा वर केला. "बूट काढ, स्तामात!"

आणि तेव्हाच ते झालं. ढोलाचा ठोका स्तामातच्या छातीतून मानेत चढला, डोळ्यांपुढचं सगळं विझलं आणि फक्त निखारे उरले. जन्मभर ज्यांची त्याला आस होती आणि मनातून भीतीही होती त्या निखाऱ्यांकडे त्यानं पाहिलं, आणि भीती शोधूनही सापडेना. आजी म्हणाली होती तेच हे. पायांचं नव्हे, छातीतलं. आज खरोखर त्याला धरलं होतं. त्यानं ढोल उतरवून दगडावर ठेवला, खाली बसला आणि डाव्या बुटाची नाडी सोडली.

नाडी सोडता सोडता त्यानं वर पाहिलं. समोर केराना उभी होती. ती ओरडत नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात ओरडायची वेळ असून ती ओरडली नाही असं कधीच घडलं नव्हतं. दोन्ही हात तोंडावर दाबून ती फक्त त्याच्या पायांकडे बघत होती, रोज सकाळी बघायची त्याच पायांकडे.

स्तामातला रडू आलं. इतक्या उशिरा का आलास रे बाबा, असं त्यानं मनात संतालाच विचारलं. मग त्यानं नाडी पुन्हा बांधली, घट्ट बांधली, आणि उभा राहिला.

"मी उतरत नाही!" तो ओरडला. त्याचा आवाज मुळातच ढोलासारखा, तो चौकाच्या टोकापर्यंत गेला. "माझ्या पायांत साखर झालीय! नसा गेल्यात! निखारा पडला ते मला कळलं नाही, ती संताची कृपा नव्हती, दुखणं होतं! आत गेलो तर भाजला जाईन आणि मला पत्ताही लागणार नाही! खिळ्यावर उभा होतो मी, खिळ्यावर! पाय जाता जाता वाचलाय! झालं समाधान? आता नाचा!"

चौकात कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी, आणि मग सगळेच. वाईट हसणं नव्हतं ते. यानाकीनं मात्र तोंडातली नळी सोडून दिली होती. पिशवीत साठलेल्या वाऱ्यावर गायदा आपली आपण गात होती आणि हळूहळू बसत चालली होती. कोम्ना आजीनं घामाघूम हातानं तसबीर स्तामातच्या कपाळाला टेकवली.

"चांगला धरलाय तुला," ती म्हणाली. "आता ढोल घे. मला अजून एकदा जायचंय."

स्तामातनं त्या रात्री जसा ढोल वाजवला तसा तो पूर्वी कधी वाजला नव्हता असं सगळे म्हणतात. केराना त्याच्या शेजारी उभी राहून ओरडत होती, निखाऱ्यांपासून मागे हो म्हणून. तिचा आवाज परत आला होता. निखारे काळे पडले, लोक राखेभोवती हातात हात घालून नाचले, चुलतभावाच्या गाड्या उतारावरून गेल्या. मग कुठे स्तामात टेकला.

यानाकी येऊन बाजूला बसला. मग इकडेतिकडे पाहून त्यानं उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि पाय स्तामातच्या पुढ्यात केला.

"बघ जरा," तो पुटपुटला. "माझं पोट आड येतं, मला दिसत नाही. मोजा चिकटतोय हल्ली."

स्तामातनं खिशातली बॅटरी लावली. अंगठ्याखाली काळपट जखम होती.

"कधीपासून?"

"मला काय ठाऊक? दुखतच नाही." यानाकीनं मान खाली घातली. "मागच्या वर्षी अंघोळीला उकळतं पाणी पायावर सांडलं, तेव्हाही कळलं नाही. मला वाटलं, मला धरलं. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, या सणाला एकदम उतरून दाखवतो सगळ्यांना. तर फेब्रुवारीत तू आधी बोललास! मला इतका राग आला तुझा, की काय सांगू."

स्तामातनं बॅटरी खाली ठेवली. "म्हणजे आज तू..."

"मी तुझीच वाट बघत होतो. तू आत गेलास की पिशवी टाकून मीही मागोमाग येणार होतो."

स्तामातनं त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"केराना!" त्यानं हाक मारली. "चष्मा घेऊन ये. अजून एक वाचायचाय."